वारा डाव्या गालावर

"पुढे उतार आहे. दहा-बारा हात. मग सपाट," हाल्वार मागून म्हणाला.

"ठाऊक आहे," म्हणत आस्लाउग गुडघे वाकवून सुर्रकन खाली गेली.

तिला दिसत नव्हतं. अंधांच्या स्की मंडळात वाटाड्या म्हणून हाल्वारचा हा तिसरा हिवाळा. पण या पठारावर आस्लाउगला वाटाड्या फारसा लागत नसे. वरच्या मुक्कामाच्या लाकडी घराची राखण पूर्वी तिच्या वडिलांकडे होती. लहानपण इथल्या बर्फातच गेलेलं. ईस्टरच्या सुट्टीत मंडळी खालच्या सोप्या वाटेने गेली, तेव्हा वर जायचं तिनेच काढलं आणि सोबतीला हाल्वारच मागितला. त्याचा आवाज कानाला ओळखीचा आहे, म्हणाली.

दुपारी खडकाच्या आडोशाला बसून दोघांनी एक संत्रं वाटून खाल्लं.

"साठी उलटली तुझी," ती म्हणाली. "गुडघे वाजतात ते मला इथवर ऐकू येतात. घरी बसायचं सोडून आंधळ्यांना कशाला फिरवत बसतोस?"

"घरी बायको वाजते."

ती हसली. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दोनच्या सुमारास ढग खाली उतरले. बर्फ आणि आभाळ एक झालं. वाटेवर खुणेसाठी रोवलेल्या काठ्या दिसेनाशा झाल्या, मग त्याला स्वतःच्या स्कीची टोकंही दिसेनात. फोन थंडीने केव्हाच बंद पडला होता.

"आस्लाउग, मला काही दिसत नाही."

"मला अकरा वर्षं दिसत नाही," ती म्हणाली. "पिशवीतली दोरी काढ. एक टोक तू धर, दुसरं मला दे. वारा डाव्या गालावर ठेवायचा, की मुक्काम समोर येतो."

आता वाटाड्या ती, आणि तो तिच्यामागे. वारा हाडांत शिरत होता. बोटं बधिर झाली. एकदा त्याच्या नाकाला जळत्या लाकडाचा वास लागला.

"धूर येतोय. घर जवळ आलं वाटतं."

"तो खालच्या दरीतला. वाऱ्याने वर येतो. चल, थांबलास तर गोठशील."

तो चालत राहिला. पाय आपले आहेत असं वाटेना. ही बाई आपला जीव वाचवते आहे, हे मात्र त्याला थंडीपेक्षा जास्त झोंबू लागलं. शेवटी त्याच्याने राहवेना.

"जरा थांब. तुला एक सांगायचंय."

ती थांबली.

"अकरा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, पुलाजवळ तुला आणि तुझ्या मुलीला उडवलं ती गाडी मी चालवत होतो. चाकं घसरली. मी खाली उतरलो, तुम्हाला पाहिलं, 'देवा, देवा' म्हणालो आणि परत गाडीत बसून निघून गेलो."



"उन्नी सहा वर्षांची होती," ती म्हणाली. "तिच्यात तासभर धुगधुगी होती. कुणी लगेच आणलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले."

"वाचलं होतं मी पेपरात. उद्या पोलिसांकडे जातो. तू म्हणशील ते करतो. पण काहीतरी बोल."

"सांगितलंस, बरं केलंस."

एवढंच. पण अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पापण्यांवर गोठलेलं पाणी त्याने हातमोज्याने पुसलं.

"मुक्काम आता किती राहिला?"

"तो तासाभरापूर्वीच मागे पडला, हाल्वार," आस्लाउग म्हणाली, आणि तिने हातातलं दोरीचं टोक सोडून दिलं.