कॉलरचा धागा

जेवणाची सुट्टी झाली, सोळा शिलाई मशिनी एकदम थांबल्या आणि भवानी पेठेतल्या त्या माडीवर माणसांचा आवाज ऐकू यायला लागला. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या इथल्या बायका डब्याआधी तोंड उघडतात. आज तर विषय ठरलेलाच होता. काल रात्री टीव्हीवर भुताच्या नव्या मालिकेचा पहिला भाग झाला होता.

पूनमने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. मालिकेतलं ते भूत तीच होती, आणि हे इथं कुणालाच माहीत नव्हतं. शूटिंगवाल्यांना उंच बाई हवी होती, आणि मशीनखाली गुडघे मावत नाहीत इतकी पूनम उंच. केम गावी नणंदेकडे बारसं आहे अशी थाप मारून तिने चार दिवस सुट्टी काढली आणि भूत होऊन आली. तोंडाला पांढरा रंग, त्यावर मोकळे केस. नवऱ्यानेसुद्धा सांगितल्यावरच ओळखलं. आता पुढच्या भागांसाठी पुन्हा फोन आला होता, काम मोठं होतं. तिने मनाशी ठरवलं होतं, गोजाबाईंना भूत पटलं तर जायचं, नाहीतर आपली मशीन बरी.

गोजाबाईंना काही पटवणं म्हणजे दिव्यच होतं. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायचं काम त्यांच्याकडे, आणि तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही धागा सुटलेला नाही. गेल्या आठवड्यात याच कारखान्यावरचा एक माहितीपट टीव्हीवर लागला होता. सगळ्याजणी ठेवणीतल्या साड्या नेसून कॅमेऱ्यापुढे बसल्या होत्या. त्यावरचा गोजाबाईंचा राग अजून उतरला नव्हता.

"दोन दिस हसून हसून बोलले मी त्यांच्यासंगं," त्या आजही म्हणाल्या. "एकदा डोळ्यात कापडाचं तूस गेलं म्हणून पदर लावला, तर तेवढंच दाखवलं. वर मागनं रडकी बासरी! लेकीचा फोन आला, आई, तुला काय झालं म्हणून रडायलीय."

"ते जाऊ द्या मावशी," पूनम शक्य तितक्या सहज म्हणाली. "कालचं भूत कसं वाटलं?"

गोजाबाईंच्या आधी बसप्पा मास्तरच बोलले. कापड बेतून कापणारे बसप्पा अक्कलकोटचे, आणि माडीवर पुस्तकं वाचणारे तेवढे एकच.

"भूत कसलं ते! ज्या कादंबरीवरनं ही मालिका केलेत, ती मी दोनदा वाचलोय. त्यात ते पोराच्या गळ्याला नुसतं हात लावतंय. ह्यांनी चावायला लावलेत. पुस्तकाचं वाटोळं केलेत बघा."

"मास्तर, चावलं म्हणून तर मजा आली!" पिंकी म्हणाली. "मी तर उशीत तोंड खुपसलं. सासू वरडली, सासरा वरडला. लई भारी भूत हाय."

पूनमला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली. पण पिंकीला सगळंच भारी वाटतं. तिने हळूच गोजाबाईंकडे पाहिलं. त्या शेंगाचटणीवर तेल ओतून घेत होत्या.

"चावलं न्हाय," गोजाबाई म्हणाल्या.

"अवो, गळ्याला दात लावलं की!"

"तू उशीत हुतीस. मी डोळं उघडं ठिवून बघत हुते. पोराच्या कॉलरीला धागा लोंबत हुता. पोरगं दिसल्यापास्नं माझा हात शिवशिवायला लागला हुता. भूत आलं, वाकलं, दातानं धागा तोडला आन् डाव्या अंगाला थुकलं."

"पुस्तकात धागा न्हाईच," बसप्पा म्हणाले.

"नसंलच. लिवणाऱ्यानं कॉलर कुटं शिवलीय?"

पूनमचे कान तापले. धागा तोडला तेव्हा तिलाही कळलं नव्हतं. पोराच्या गळ्याला हात लावायला वाकली, धागा दिसला आणि सवयीने दात पुढे गेले. आता शिव्या बसणार, असं तिला वाटलं होतं. तर दिग्दर्शकाने टाळ्याच वाजवल्या होत्या.

गोजाबाईंनी मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं. "सात वर्सं झाली सांगतीया, दातानं तोडू नको, कात्री घे. ऐकतीस का?"

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग पिंकीने पूनमला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! केमचं बारसं!"

मग काय विचारता! डबे उघडेच राहिले. कुणी तिचे केस तोंडावर ओढले, कुणी स्वतःची कॉलर पुढे केली. बसप्पा मास्तर थोडे ओशाळले. "मग बरोबर केलीस की गं," ते म्हणाले. "पुस्तकवाल्याचंच चुकलंय."

"पण मावशी," पूनमने विचारलं, "भूत बरं झालं का? पुन्यांदा बोलावलंय. जाऊ?"

गोजाबाईंनी घास संपवला, हात पुसला. "आमी हितं खरं बसलो हुतो, तर टीव्हीत खोटं दिसलो. तू एवढा चुना फासलास, तरी मला आपल्या माडीवरची बाई दिसली." त्यांनी गळ्यातली नाडी काढली. तिला धागे कापायची छोटी कात्री होती, तीस वर्षांत कुणाच्या हाती न दिलेली. "जा. पर ही घिऊन जा. दात पडल्यावर भूत कोण म्हणंल तुला?"

पूनमच्या डोळ्यांना धारा लागल्या. या वेळी तूस नव्हतं.

सुट्टी संपली, मशिनी सुरू झाल्या. गळ्यात कात्री घालून पूनमने पहिली कॉलर शिवली, उचलून डोळ्यांसमोर धरली, आणि वाकून दातांनी धागा तोडला.

शेजारी बसलेली पिंकी किंचाळली.