अहो, मी बोलतेय

केतकीच्या मनगटावरची पट्टी सकाळपासून नारिंगी होती. गर्भार बाईच्या अंगावर फोनच्या लहरी मापापलीकडे गेल्या की पट्टी लाल व्हायची आणि बाळंतपणापर्यंत घरातले सगळे फोन मुके व्हायचे. तसा कायदाच होता.

तेवढ्यात अलिबागला भावाकडे राहणाऱ्या तिच्या वडिलांचा, दादांचा, फोन आला. त्यांना हल्ली काही आठवत नसे.

"जेवलीस का गं?"

"हो दादा. ठेवू आता?"

"आधी आईला दे. किती दिवस राहतेय ती तुझ्याकडे?"

आई जाऊन वर्ष झालं होतं. केतकी खोलीत येरझारा घालू लागली. खरं सांगितलं की ते दर वेळी नव्याने हंबरडा फोडत, आणि आज त्यांना सावरायला वेळच नव्हता. पट्टीची कड लाल होत चालली होती.

"बास कर, केतकी," तिचा नवरा निरंजन कळवळून म्हणाला. "बाळाचा तरी विचार कर."

तिने पाठ फिरवली आणि आवाज जरा खाली आणला.

"अहो, मी बोलतेय. हिचं बाळंतपण आटोपलं की येते. तोवर गोळ्या वेळेवर घ्या."

पलीकडे दादा समाधानाने हसले.

"सावकाश ये. फाटकाला कुलूप लावत नाही मी."

तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण फोन मुका झाला होता.