चोविसावं झाड

नांदूरघाटच्या डोंगरात भेऱ्याची तेवीसच झाडं सापडली होती. नवं रान एकाच झाडाच्या बियांवर उभं राहून कमजोर होऊ नये, म्हणून मुंजाजी धनगराने दाखवलेल्या प्रत्येक झाडाचं बी वनखात्याच्या ऋतुजा मॅडमनी वेगळ्या पिशवीत भरलं आणि चिठ्ठ्या बांधल्या. त्या चिठ्ठ्या मुंजाजीच्याच शेळीने खाल्ल्या. मॅडम रडकुंडीला आल्या. "कावून रडताव? मला कुठं वाचता येतंय? मी बिया बघून वळखतो," म्हणत मुंजाजीने पिशव्या उघडल्या. "हे चपटं बी थोरल्या साडूचं. हे वाकड्या झाडाचं, म्हंजे सासूबाईचं. लई काटक हाय म्हातारी!" प्रत्येक झाडाला त्याने नात्यातलं नाव ठेवलं होतं. मॅडम हसत लिहीत गेल्या. तेविसावं नाव झालं, तेव्हा दारातून त्याच्या बायकोने, तुळजाबाईने विचारलं, "आन् मी कोणतं झाड?" यादीत साडू होते, मेव्हणे होते, मेलेला चुलताही होता. बायकोच राहून गेली होती. त्या दिवशी त्याला नुसती भाकरी मिळाली. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तो पलीकडच्या अवघड कड्याखाली उतरला आणि दुपारी काट्यांनी ओरबाडलेल्या अंगाने, पटक्यात मूठभर बी बांधून परतला. "मॅडम, नवं झाड घावलं! सरळसोट, देखणं. लिवा, तुळजाबाई!" तो चुलीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडला. "तसलं एकच हाय ना?" आतून प्रश्न आला. "एकच!" मुंजाजी म्हणाला आणि मॅडमकडे वाकून पुटपुटला, "शेजारी अजून दोन हायेत, पर ती उद्या सांगतो."