पाण्याला टेकलेली रेघ

नुन्झियाने सहावी पायरी काढली आणि तिची पेन्सिल थांबली.

खिडकीखाली बंदर होतं. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. पाण्याबाहेर किती आहेत ते तिने पुन्हा पाहिलं. सहाच होत्या.

"आज सहा का?" प्रोकोलो, तिचा नवरा, कॉफीचा पेला घेऊन मागून वहीत डोकावला. "तुझ्या पायऱ्या कोंबडीच्या पिल्लांसारख्या वाढताहेत. मोजता येत नाही का तुला?"

"मी मोजत नाही. दिसतं ते काढते."

"त्यापेक्षा फुलं काढ. फुलं कशीही आली तरी चालतात."

वही तिला असुंताने दिली होती. असुंता त्यांची एकुलती मुलगी, वरच्या मजल्यावर राहायची. सहा महिन्यांपूर्वी तिला दिवस गेल्याचं कळलं, त्याच दिवशी ती कोरी वही घेऊन खाली आली. "रोज एक पान कर, आई. बाळाला दाखवू. येत नाही म्हणायचं नाही. एकच जागा, एकच वेळ, दिसेल तशी काढायची. चुकलं तरी पुसायचं नाही. काही चिकटवावंसं वाटलं तर चिकटव."

नुन्झियाने जन्मभर मासळी साफ केली होती. पेन्सिल कशी धरायची तेही तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या पानावरच्या होड्या चपलांसारख्या आल्या. मग तिने उरलेल्या कॉफीने भिंती रंगवल्या. आकाशाच्या जागी बाजारातली लिंबं गुंडाळून येतात तो पातळ कागद चिकटवला. बंदराच्या भिंतीवरची लाल रेघ मात्र नखांच्या रंगाने काढली, कारण ती ठळक यायला हवी होती.

त्या रेघेच्या विश्वासावर सगळी गल्ली झोपायची. इथली जमीन खालून फुगते. फुगली की बंदर वर उचललं जातं आणि पाणी खाली गेल्यासारखं दिसतं. मग हादरे येतात. हादरे मोजणाऱ्या कचेरीतले लोक रोज आकडे सांगत, पण गल्लीने आकड्यांवर कधी भरवसा ठेवला नाही. जुन्या कोळ्यांनी भिंतीवर रेघ ओढली होती. ती पाण्याला टेकलेली असेल तर घरात राहायचं. पाण्याच्या हातभर वर दिसली तर निघायचं.

या आठवड्यात दोनदा कपाटातल्या बश्या वाजल्या. असुंताच्या पलंगावरच्या भिंतीला तडा गेला. तिच्या नणंदेने डोंगरापलीकडे खोली तयार ठेवली होती. काल असुंताने बापाला विचारलं, "बाबा, जाऊ का मी? आठवा लागलाय."

"रेघ कुठंय?" प्रोकोलोने विचारलं.

ती खिडकीशी जाऊन बघून आली. "पाण्याला टेकलीय."

"मग? बाळ इथंच होईल. तुझ्यासारखंच."

असुंताने अर्धी भरलेली पिशवी रिकामी केली.

आज पान वाळेपर्यंत नुन्झिया मागची पानं उलटत बसली. ऑक्टोबरच्या पानावर कोरड्या पायऱ्या चार होत्या आणि रेघ चौथीच्या खाली, पाण्याला टेकलेली. फेब्रुवारीत पाच होत्या. रेघ पाचवीच्या खाली, पाण्याला टेकलेली. आज सहा. तिला आपल्या हाताचंच हसू आलं. नवशिका हात, पायऱ्या वाढवत बसलाय.

मग तिचं हसू गेलं. रोज एकाच तऱ्हेने चुकेल इतका तिचा हात तयार नव्हता. आणि पायऱ्या खऱ्या असतील, तर रेघ आज दोन पायऱ्या वर, कोरडी दिसायला हवी होती.

प्रोकोलो दाराशी जाळं शिवत होता. तिने वही त्याच्या मांडीवर ठेवली. आधी पहिलं पान उघडलं, मग आजचं.

"रेघ खाली कोण आणतंय?"

त्याने दोन्ही पानं पाहिली. "चांगली काढलीस," तो म्हणाला.

"प्रोकोलो."

"मी बारा वर्षांचा होतो," तो जाळ्याकडे बघत म्हणाला. "तेव्हाही जमीन अशीच फुगली. शिपाई आले. दोन दिवसांसाठी चला म्हणाले. आईने पाव भट्टीतच ठेवला. आम्हाला ट्रकमध्ये बसवलं. पुन्हा त्या घराचा उंबरा बघायला मिळाला नाही. आता मी कुठंही जाणार नाही."

"म्हणून तू घासतोस? जुनी पुसून नवी ओढतोस?"

"पहाटे. बोटभर खाली. बस."

"वर तुझी पोटुशी लेक झोपते."

"घर सोडलं की गेलं, नुन्झिया. कायमचं."

जमिनीखालून गुरगुर आली. सुई त्याच्या हातातून पडली. वरच्या मजल्यावर काहीतरी फुटलं.

नुन्झिया वही घेऊन गल्लीत धावली. इथे बातमी सांगायची तर गल्लीच्या मधोमध उभं राहून सांगायची, म्हणजे ती सगळ्यांना ऐकू जाते. तिने वही डोक्यावर धरली.

"असुंता! पिशवी भर! आत्ता निघायचं! रेघ खोटी आहे! प्रोकोलोने हलवलीय, माझ्याच नवऱ्याने! ऐका सगळ्यांनी, आपापली पोरंबाळं बाहेर काढा!"

असुंता गॅलरीत आली. पोटावर हात ठेवून तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. काही न विचारता ती दोरीवरचे लहान कपडे भराभर ओढायला लागली.

गल्लीतल्या घरांतून मात्र कुणी बाहेर आलं नाही. कोणी किंचाळलं नाही. प्रोकोलोला कोणी शिवी घातली नाही. समोरच्या घराचं दार हळूच उघडलं. गेल्सोमीना, चाळीस वर्षं समोर राहणारी शेजारीण, उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या हातात तारेचा ब्रश होता, आणि लाल रंगाचा डबा.

"ओरडू नकोस गं," ती म्हणाली. "उद्या पहाटे आमची पाळी आहे."