अर्धं पाऊल पुढे

चौथं गाणं सुरू झालं, तरी तिला गाण्यात नवरा सापडला नव्हता.

बँडचा अल्बम एकोणीस वर्षांनी आला होता. मुखपृष्ठावर चौघे, केस काळेभोर, पोटं आत ओढलेली. उजवीकडून दुसरा तिचा नवरा, बँडचा ड्रमर. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या या बाजूला तो, त्या बाजूला ती फरसबी चिरत, मध्ये स्पीकर.

ध्रुवपद यायच्या आत ह्याचे हात तिथे पोचलेले असायचे. गाण्याच्या अर्धं पाऊल पुढे. जुनी सगळी गाणी तशीच होती. शेपटीला आग लागलीय का म्हणून गायकाने त्याला जन्मभर फाडून खाल्लं. आणि लोक खुर्च्या सोडून उठायचे ते नेमके त्याच जागी. लग्नाआधी रेडिओवर ती त्याला त्या अर्ध्या पावलावरूनच ओळखायची.

चौथं गाणंही इस्त्री केल्यासारखं गेलं.

"अहो, यात तुम्ही कुठे आहात?"

तो मुखपृष्ठ उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, त्याच्याकडून चार दिवस वाजवून घेतलं होतं. नंतर ते पुसून त्या जागी ड्रम वाजवणारं मशीन लावलं. सांगायचं राहून गेलं, असं गायक काल फोनवर म्हणाला.

सकाळच्या पेपरात आलं होतं, अल्बममध्ये जीव नाही आणि ड्रमर तर पार थकलाय. पेपर तिने शेगडीमागे खोचून ठेवला होता. त्याने तो आधीच वाचला होता.

"मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"छान झालंय म्हटलं."

पुढच्या महिन्यात स्टेजवर उभं राहायचं होतं, आणि अल्बमसारखंच वाजलं पाहिजे अशी गायकाची ताकीद होती. नाहीतर दुसरा ड्रमर तयार होता. त्याने दोन पेन्सिली घेतल्या, गाणं पुन्हा लावलं आणि डोळे मिटून टेबलाच्या कडेवर वाजवायला लागला. ध्रुवपदाच्या तोंडाशी हात पुढे धावले. तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा धावले. पाचव्या खेपेला मात्र पेन्सिली मशीनच्या मागोमाग निमूट चालत ध्रुवपदापर्यंत आल्या.

आणि तिची सुरी धावली. चिरायच्या फळीवर फरसबी खटाखट, अर्धं पाऊल आधी. तिच्या ध्यानीमनी नसताना.

"घाई नको गं," तो डोळे न उघडता म्हणाला, आणि चाचपडत त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.