शिट्टीची पाटी

सुकलू वळण ओलांडून आला आणि जागीच थबकला. दोन्ही रुळांच्या मधोमध गोट्यांची रास होती, गुडघ्याएवढी. वरचे काही गोटे घसरून थेट रुळावर येऊन बसले होते, आणि वडशाची पॅसेंजर यायची वेळ झाली होती.

राशीशेजारी इतवारीबाई बसली होती. परवा इथेच तिची लेक रंजीता गाडीखाली गेली. डोक्यावर मोहफुलांची टोपली, समोर हे आंधळे वळण, आणि गाडीने शिट्टी दिली नाही.

“बाई, हे काय करून ठेवलं?” सुकलू ओरडला.

विचारायची गरज नव्हती. तो रूळ राखणारा रेल्वेचा गँगमन असला तरी गाव त्याचेच. जंगलात वाघाने माणूस नेला की त्या जागी येणारा-जाणारा एकेक गोटा ठेवतो. आज पहाटे मोहाला गेलेल्या साऱ्या गावाने तसाच इथे ठेवला होता.

“बाजूले मांडा ना! तिकडं, झाडाखाली!”

“माही पोरगी झाडाखाली नाई मेली.”

“गाडी पलटन! मानसं मरतीन!”

“मंग त्यायच्यासाठीही मांडू गोटे.”

सुकलूचे डोके भडकले. लाल झेंडी घेऊन वळणापलीकडे धावावे, तर ही मागे आणखी चार ठेवणार. शिव्या देत तो गोटे उचलून फेकू लागला. शिव्या नेमक्या कोणाला, हे त्याचे त्यालाही ठरवता येईना. ड्रायव्हरने शिट्टी द्यावी म्हणून या वळणावर शिट्टीची पाटी लावा, असे सांगायला गाव मागेच रेल्वेच्या साहेबाकडे गेले होते. साहेबाने नकाशा उघडून दाखवला. नकाशात इथे पायवाट नव्हती. वाट नाही तर माणसे नाहीत, आणि माणसे नाहीत तर शिट्टी कोणासाठी? रूळ पडायच्या आधीपासून गाव ज्या वाटेने मोहाला जाते, ती वाट साहेबाने खुर्चीत बसल्या बसल्या पुसून टाकली.

“तूही होता ना तिथी?” इतवारीबाई म्हणाली. “तुले त ठाव होती वाट. काऊन नाई बोलला?”

“नोकरी हाये, बाई.”

तो पुन्हा वाकला.

रूळ गुणगुणू लागला. बाईने त्यावर तळवा ठेवला आणि झटकन काढला. मग ती उठली. सगळ्यांत खाली एक मोठा गोटा होता, तिने स्वतः ठेवलेला. तो तिने दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरून रुळाबाहेर आली. सुकलूने उरलेले पायाने लोटले आणि बाईचा दंड धरून तिला खडीवरून खाली ओढले.

इंजिन वळणावर आले. रुळालगत दोन माणसे दिसताच ड्रायव्हरने शिट्टी धरली ती सोडलीच नाही. डबे धडधडत गेले. खिडक्यांतून लेकरांनी हात हलवले. गाडी दिसेनाशी झाली तरी शिट्टी जंगलात घुमत होती.

बाईच्या छातीशी गोटा तसाच होता.

“आता वाजवते गाडी शिट्टी,” ती म्हणाली.