नवसाचा रोडगा

सहा महिने ज्वारीच्या भाकरीवर राहून नात बरी झाली, म्हणून रामरावांनी नवस फेडायला शेतातल्या मारोतीपुढं गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजले. पहिला घास तिचाच, असं देवाला कबूल केलं होतं. "मामाजी, रोडगे गव्हाचे हायेत," सून काकुळतीला आली. "डॉक्टरनं सांगतलं ना, कणभर गव्हानं तिच्या आतड्यात आग लागते. दुसऱ्याचं आंग ते आग इझवते, तिचं नाही इझवत." "परसादानं कोणी मरते काय?" म्हणत त्यांनी पोरीचा जबडा दाबून घास कोंबला. पोरीच्या ओठातून रक्त आलं. सुनेनं बोट घालून तो घास काढला, निखाऱ्यांतला धगधगता रोडगा पदरानं उचलून सासऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची मूठ आवळून धरली. कातडी करपली. सुटताच म्हातारा विव्हळत हातावर फुंकू लागला. "तुमच्या हातावर फुंकता तरी येते, मामाजी. तिच्या आतड्यावर कुठून फुंकू?"